खरेदी मंजुरीचं जुनं ॲप एसएसओला जोडायचंय: सॅमल की ओआयडीसी?

कोरी_पाटी
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडलेय म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडे खरेदीच्या मंजुऱ्यांचं एक ॲप्लिकेशन आहे. ११ वर्षं जुनं, जावामधलं, घरीच लिहिलेलं. स्वतःचं युजर टेबल, स्वतःचे पासवर्ड, 'पासवर्ड विसरलात?' ची स्वतःची मेल. बाकी सगळी कंपनी केव्हाच मायक्रोसॉफ्ट एंट्रा या लॉगिन-सेवेवर गेलीय (२०२३ पर्यंत जिला अझूर एडी म्हणायचो तीच). आता वरून आदेश आलाय: हेही तिथे जोडा, वेगळा पासवर्ड बंद करा. म्हणजे एसएसओ, एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश.

मॅनेजरांच्या मते हे दोन दिवसांचं काम आहे. एका विकतच्या सेवेची जोडणी त्यांच्यासमोर कुणीतरी अर्ध्या तासात केली होती, तेव्हापासून त्यांचा हा हिशेब.

लॉगिन जोडायचे हे दोन प्रोटोकॉल दिसतायत: सॅमल घेऊ की ओआयडीसी? दोन दिवसांत खरंच होतं का? आणि कुणी केलं असेल तर ठेच कुठे लागली तेवढं सांगा. मी बॅकएंडवाली, लॉगिनची पानं पुष्कळ लिहिलीत, पण या आयडेंटिटीच्या गल्लीत नवखी आहे.

उंटावरचा_शहाणा
दोन दिवस बरोबर आहे. कुठले दोन, ते आधी सांगता येत नाही.

निवांत
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हेच येऊ घातलंय.

टोकनकर
कोड तुमच्या हातात आहे ना? मग डोळे मिटून ओआयडीसी.

सॅमल २.० हे मार्च २००५ चं. तेव्हा एक्सएमएल म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. ओपनआयडी कनेक्ट, म्हणजेच ओआयडीसी, फेब्रुवारी २०१४ मध्ये पक्कं झालं, ओऑथ २.० या अधिकार देण्याच्या प्रोटोकॉलच्या खांद्यावर उभं आहे, सगळं जेसनमध्ये. डीबग करताना टोकन (लॉगिन झाल्यावर मिळणारा सहीचा दाखला) उघडून माणसाला वाचता येतं, हा फायदा रात्री अकरा वाजता कळतो.

ऑथोरायझेशन कोड फ्लो घ्या (ब्राउझरमधून फक्त तात्पुरता कोड येतो, टोकन तुमचा सर्व्हर मागून घेतो), सोबत पीकेसीई लावा, म्हणजे तो कोड वाटेत चोरला तरी चोराला वापरता येत नाही. सर्व्हरवर सीक्रेट असलं तरी पीकेसीई लावाच. जुन्या लेखांत टोकन थेट ब्राउझरमध्ये देणारा इम्प्लिसिट फ्लो सुचवलेला दिसेल, तिकडे फिरकू नका. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्येही (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) तो वापरू नका असाच सल्ला आहे. पडताळणी हाताने लिहू नका, चांगली लायब्ररी घ्या. मात्र ती काय तपासते हे माहीत हवं: सही, टोकन कुणी दिलं, कुणासाठी दिलं, मुदत आणि नॉन्स (एकदाच वापरायची खूण). यातलं 'कुणासाठी' तपासायला लोक हटकून विसरतात. मग शेजारच्या ॲपसाठी दिलेलं टोकन तुमच्याकडेही चालून जातं.

आणखी एक. लॉगिनसाठी आयडी टोकन असतं. ॲक्सेस टोकन हे ज्या एपीआयसाठी मागितलं त्याच्या वाचण्याचं आहे, तुमच्या नाही. ते उघडून त्यातून नाव काढणारा कोड मी तीन ठिकाणी पाहिलाय. तिन्ही ठिकाणी तो 'चालतोय ना' या आधारावर उभा होता.

सहीशिक्का
टोकनकर, 'डोळे मिटून' हा शब्द सुरक्षेच्या धाग्यात शोभत नाही बरं का. :)

कोरी_पाटीताई, तुमच्या ॲपला ओआयडीसीच घ्या, मतभेद नाही. पण सॅमलला म्हातारं म्हणून मोडीत काढू नका. विकत घेतलेली निम्मी उत्पादनं आजही सॅमलच बोलतात, त्यामुळे ते आलं नाही तर पुढच्या जोडणीला अडाल.

सॅमलमध्ये ठेच दोन जागी लागते. पहिली सही. एक्सएमएलवर केलेली सही तपासणं भल्याभल्यांना जमलेलं नाही. २०१८ मध्ये अनेक लायब्ऱ्यांत एकाच जातीची चूक सापडली: नावाच्या मधोमध एक्सएमएलची कॉमेंट घुसवली की सही शाबूत राहायची, पण वाचणारा कोड कॉमेंटपर्यंतचंच नाव उचलायचा. म्हणजे आपल्या नावाचा शेपटाकडचा भाग झाकून दुसऱ्याच्या नावाने आत. तेव्हा लायब्ररी अद्ययावत ठेवणं ही इथे शोभेची सूचना नाही.

दुसरी ठेच सर्टिफिकेटची. एंट्रामध्ये सॅमलचं सहीचं सर्टिफिकेट मुळात ३ वर्षांचं मिळतं. तीन वर्षं म्हणजे बरोबर तेवढा काळ, ज्यात जोडणी करणारा माणूस दुसरीकडे गेलेला असतो आणि मुदतीची सूचना त्याच्याच बंद पडलेल्या मेलवर जात असते. मी एका सोमवारी सकाळी पावणेनऊला हे अनुभवलंय. सगळी कंपनी दारात, आणि कुलूप कुणाच्या नावावर आहे हेच कुणाला ठाऊक नाही.

निवांत
आमच्याकडे सॅमलवर एक विचित्र प्रकार झाला होता. काहींचं लॉगिन व्हायचं, काहींचं गोल गोल फिरत राहायचं. ब्राउझर तोच, ऑफिस तेच. पंधरा दिवस डोकं खाजवलं.

सहीशिक्का
@निवांत, २०२० च्या आसपासची गोष्ट का? आणि ज्यांचं फिरायचं ते दुसऱ्या टप्प्याचा कोड टाकायला वेळ लावणारे होते का?

निवांत
अहो, तुम्ही ज्योतिषी आहात का? २०२० च! आणि आत्ता आठवतंय, साहेब लोकांचंच जास्त फिरायचं.

सहीशिक्का
ज्योतिष नाही, कुकी. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आलं. कुकीवर सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर ती जाऊ द्यायची का, ती सूचना) लिहिलेलं नसेल तर ती 'लॅक्स' धरायची, असा नियम त्याच्यासोबत टप्प्याटप्प्याने लागू झाला. सॅमलचं उत्तर सहसा दुसऱ्या साइटवरून पोस्टने येतं. अशा पोस्टबरोबर लॅक्स कुकी जात नाही. तुमच्या ॲपला वाटतं, हा कोण नवीनच? पाठवा परत लॉगिनला. तिकडे तो आधीच आत असतो, म्हणून लगेच परत येतो. झालं रहाटगाडगं सुरू.

आता गंमत. सगळंच मोडू नये म्हणून क्रोमने एक सवलत ठेवली: कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील तर अशा पोस्टबरोबर जाऊ द्यायची. म्हणजे फोन शोधून कोड टाकायला ज्यांना दोन मिनिटांहून जास्त लागायचं, तेवढेच लोक फिरत राहायचे.

निवांत
पाच वर्षांनी उकल झाली. साष्टांग.

रात्रपाळी
प्रोटोकॉलचं गुऱ्हाळ चालू द्या, पण धागाकर्तीचं काम त्याने अडणार नाही. अडेल ते इथे: एंट्राकडून आलेला माणूस तुमच्या टेबलातल्या कुठल्या ओळीतला?

सगळे पटकन म्हणतात, ईमेल जुळवा. ईमेल हा पत्ता आहे, माणूस नाही. आडनाव बदललं की तो बदलतो, कंपनीचं डोमेन बदललं की बदलतो. सगळ्यात वाईट म्हणजे तो परत वाटला जातो. आमच्याकडे एक जण नोकरी सोडून गेला. वर्षभराने त्याच नावाचा दुसरा आला, त्याला तोच मोकळा झालेला पत्ता मिळाला. पहिल्याच दिवशी त्याने ॲप उघडलं तर समोर आधीच्याच्या नावावरची कामं, त्याच्याच अधिकारांसह हजर. पोरगा प्रामाणिक होता, फोन करून विचारलं, 'हे सगळं मीच करायचं का?'

ओआयडीसीच्या नियमांत याचं उत्तर लिहिलेलं आहे. 'सब' नावाचा क्लेम, म्हणजे टोकनमधला एक रकाना, असतो, ती माणसाची ओळखखूण. जास्तीत जास्त २५५ अक्षरं, आणि एका देणाऱ्याकडे ती कधीही दुसऱ्याला द्यायची नाही. देणारा आणि 'सब' या जोडीवरच विश्वास ठेवा. एंट्रात आणखी एक मेख आहे: तिथे 'सब' प्रत्येक ॲपसाठी वेगळा निघतो. उद्या याच माणसाची दुसऱ्या ॲपमधल्या नोंदीशी सांगड घालायची असेल तर 'ओआयडी' क्लेम घ्या, तो सगळ्या टेनंटभर (म्हणजे एंट्रातल्या तुमच्या कंपनीच्या जागेत) एकच असतो. टेनंटचा आयडीही शेजारी साठवा.

ईमेल फक्त पहिल्या दिवशी गाठ घालायला वापरा. कर्मचारी क्रमांक मिळत असेल तर तेवढ्यासाठीही नको.

मुक्काम_पोस्ट
मला हे जरा अति वाटतं. आमच्या चार ॲपमध्ये ईमेलच चावी आहे, सात वर्षं झाली, काही बिघडलेलं नाही. दोनशे माणसांच्या कंपनीत कोण एवढं करत बसतं? पत्ता बदलला तर एक अपडेट क्वेरी.

रात्रपाळी
@मुक्काम_पोस्ट, बिघडलेलं नाही की कळलेलं नाही?

टोकनकर
मुक्काम_पोस्ट, २०२३ मध्ये 'एनओऑथ' नावाने जे गाजलं ते वाचा. बाहेरच्या कुठल्याही टेनंटला लॉगिन देणारी ॲप्स होती, ती ईमेल क्लेमवरून माणूस ओळखायची. हल्लेखोराने आपल्या स्वतःच्या टेनंटमध्ये स्वतःच्या खात्याला तुमचा ईमेल चिकटवायचा, कारण तो रकाना टेनंटच्या ॲडमिनला हवा तसा भरता येत होता. की तुमच्या खात्यात दाखल. पासवर्डला हातही लावायला नको.

मुक्काम_पोस्ट
ते अनेक टेनंटवाल्यांचं झालं. आमचा टेनंट एक, ॲडमिन आम्हीच. तिथे हा धोका येतो कुठे? प्रत्येक ठिकाणी तोफ आणू नका एवढंच म्हणतोय. बाकी परत वाटलेल्या पत्त्याचा मुद्दा मान्य. आमच्याकडे पत्ता परत देत नाहीत, असं मला वाटतं. उद्या विचारून बघतो.

उंटावरचा_शहाणा
'असं मला वाटतं' या धोरणावर जगातली निम्मी सुरक्षा चालते.

खोडरबर
मी ऑडिटवाली, त्यामुळे सगळ्यांची नावडती. :)

कोरी_पाटी, जोडणी करताना जुन्या ओळी पुसून नव्या घालायचा मोह होईल. करू नका. चार वर्षांपूर्वीच्या मंजुरीवर जे नाव आहे ते त्याच माणसाकडे बोट दाखवत राहिलं पाहिजे, मग तो कंपनीत असो वा नसो. जुनी ओळ तशीच ठेवा, तिला ओळखखुणेचा नवा रकाना जोडा. जो उरला नाही त्याचा रकाना रिकामा, खातं बंद. ओळ मात्र जिवंत.

आणि एकाच खात्यावर चार माणसं बसत असतील तर ते आत्ताच शोधा. एसएसओ झाल्यावर ते लपत नाही, पण तेव्हा गडबडीत लोक एखाद्याचा पासवर्ड सगळ्यांना वाटून मोकळे होतात.

कोरी_पाटी
बाप रे, एवढे प्रतिसाद! धन्यवाद सगळ्यांना.

काल टेबल उघडून बसले. चालू म्हणून नोंदलेली ८१२ खाती. ईमेलचा रकाना १४० ठिकाणी रिकामा. युजरनेम म्हणजे आद्याक्षरं आणि एक आकडा. आकडा कशाचा, ते लिहिणाऱ्यालाच माहीत, आणि तो आता नाही. 'भांडार१' या नावाने तीन जण तीन पाळ्यांत बसतात. खोडरबर, तुम्ही आमच्याकडे कधी येऊन गेलात का?

आता भूमिकांचं विचारते. कोण मंजूर करू शकतो, किती रकमेपर्यंत, कुठल्या विभागासाठी, हे सगळं सध्या आमच्या टेबलात आहे. आयटीवाले म्हणतात, ते ग्रुप करून एंट्रात टाका, टोकनमध्ये येतील. करू का?

टोकनकर
ग्रुप टोकनमध्ये आणण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. एंट्राच्या जेडब्ल्यूटीमध्ये (ओआयडीसीचं टोकन याच रूपात येतं) जास्तीत जास्त २०० ग्रुप मावतात, सॅमलमध्ये १५०. माणूस त्याहून जास्त ग्रुपांत असेल तर यादीच येत नाही. त्याऐवजी 'इकडून मागून घ्या' असा पत्ता येतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ एपीआयला वेगळी हाक मारावी लागते. चाचणीत हे कधी दिसत नाही, कारण चाचणीचा युजर तीन ग्रुपांत असतो. दिसतं ते सगळ्यात जुन्या, सगळ्यात वरिष्ठ माणसाला. नेमका तोच मंजुरी देणारा.

त्यापेक्षा ॲप रोल्स करा. तुमच्याच ॲपपुरते चार-पाच रोल, आणि त्या रोलला ग्रुप नेमा. टोकन सडपातळ राहतं. नाहीतर सगळं कुकीत कोंबायला जाल आणि ४०९६ बाइटला ब्राउझर हात वर करेल.

खोडरबर
मी थोडं वेगळं म्हणेन. 'हा मंजुरी देणारा आहे' एवढं एंट्रातून येऊ द्या. 'किती रकमेपर्यंत' आणि 'कुणाच्या मागणीवर' हे तुमच्याच ॲपमध्ये राहू द्या. स्वतःच्या मागणीला स्वतः मंजुरी देता कामा नये हा नियम एंट्राला कसा कळणार? त्याला मागणी म्हणजे काय हेच माहीत नाही. शिवाय रकमेची मर्यादा बदलायला खरेदी प्रमुखांनी आयटीकडे तिकीट टाकायचं, हे दोन महिन्यांत कोसळतं. मग कुणालातरी ग्रुपांवर मोकळा हात दिला जातो, आणि तो हात मला ऑडिटमध्ये सापडतो.

माणूस कोण, हे बाहेरचं काम. त्याने काय करावं, हे धंद्याचं काम.

मुक्काम_पोस्ट
या वेळी खोडरबर यांच्याशी शंभर टक्के सहमत. नोंद घ्या.

उंटावरचा_शहाणा
तुम्ही सगळे टोकन टोकन करताय, पण आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. शकुंतलेची अंगठी आठवा. राजाने टोकन दिलं, तिच्याकडून पाण्यात पडलं, दरबारात गेली तर राजा म्हणे, ओळखत नाही. ॲक्सेस डिनाइड. पुन्हा लॉगिनची सोय नाही, हेल्पडेस्क नाही.

सहीशिक्का
वा! आणि पुढे ती अंगठी माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती लागते. पहारेकरी त्यालाच चोर म्हणून धरतात.

टोकनकर
म्हणजे त्या पहारेकऱ्यांना बेअरर टोकन मान्य नव्हतं! आपण आज जे टोकन वापरतो ते ज्याच्या हाती त्याचं, धरणारा कोण हे कुणी विचारत नाही. त्यावर तोडगा म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९४४९ आला, त्याला डीपॉप म्हणतात. टोकनबरोबर धरणाऱ्याने स्वतःच्या चावीची सहीही दाखवायची. कोळ्याकडे अंगठी असली तरी चावी नाही.

निवांत
या न्यायाने दुर्वासांचा शाप म्हणजे सेशन टाइमआउट का?

उंटावरचा_शहाणा
नाही, तो कॅशे क्लिअर.

मुक्काम_पोस्ट
प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे, दोनदा आला.)

रात्रपाळी
धागा दरबारातून परत आणतो, कारण मोठा प्रश्न कुणी विचारलाच नाही. माणूस कंपनी सोडतो तेव्हा काय होतं?

मॅनेजर लोकांना वाटतं, एंट्रात खातं बंद केलं की सगळीकडे बंद. बंद होतं ते दार. जो आधीच आत बसलाय त्याला दाराशी काय देणंघेणं? तुमच्या ॲपचं सेशन १२ तासांचं असेल तर तो १२ तास मंजुऱ्या देत राहील. तेव्हा सेशन आखूड करा आणि मधूनमधून एंट्राकडून ताजं टोकन मागा. रिफ्रेश नाकारला की बाहेर काढा.

दुसरं, खाती आपोआप तयार होण्याचं. पहिल्यांदा लॉगिन केल्यावर ओळ तयार करायची, याला जेआयटी म्हणतात. सोपं आहे, पण ते फक्त जन्म नोंदवतं, मृत्यू नाही. गेलेला माणूस पुन्हा लॉगिन करत नाही, म्हणून तुमच्या टेबलाला तो गेल्याचं कधीच कळत नाही. आणि मंजुरीची कामं त्याच्या नावावर साचत राहतात. सुरक्षेचा प्रश्न बाजूला ठेवा, खरेदीच अडते.

त्यासाठी स्किम हा खात्यांची खबर पोचवायचा प्रोटोकॉल आहे. आरएफसी ७६४३ आणि ७६४४, सप्टेंबर २०१५. तुम्ही दोन-चार एंडपॉइंट लिहायचे, एंट्रा तिकडून सांगत राहतं: हा आला, याचा विभाग बदलला, हा गेला. साधारण दर ४० मिनिटांनी फेरी होते, म्हणजे तात्काळ नाही. तातडीने काढायचं असेल तर हाताने बंद करायची कळ ठेवाच.

स्किम लिहिताना दोन गोष्टी. 'गेला' म्हणजे बहुतेक वेळा डिलीट येत नाही, 'ॲक्टिव्ह' चं फॉल्स होतं. आणि हे फॉल्स कधी खरं बूलियन येतं, कधी अवतरणात घातलेला शब्द येतो. तुमच्या कोडने रिकामा नसलेला शब्द म्हणजे 'ट्रू' असं धरलं, तर कंपनी सोडणारा प्रत्येक माणूस तुमच्याकडे नव्याने चालू होईल. हसू नका, हा कोड मी लिहिला होता.

उंटावरचा_शहाणा
पुनर्जन्म ॲज अ सर्व्हिस.

कोरी_पाटी
रात्रपाळी, हे वाचून पोटात गोळा आला. स्किमचा विचारच केला नव्हता. दोन दिवसांचे किती झाले, ते मॅनेजरांना कोण सांगणार?

दरम्यान एक अडचण. माझ्या मशीनवर लॉगिन होतंय, टेस्ट सर्व्हरवर 'रिडायरेक्ट यूआरआय (लॉगिननंतर परत यायचा पत्ता) जुळत नाही' म्हणतंय. पत्ता अक्षर न् अक्षर तपासला, तोच आहे.

सहीशिक्का
सर्व्हरपुढे लोड बॅलन्सर किंवा प्रॉक्सी आहे का? एचटीटीपीएस तिथेच संपत असेल, आणि तुमचं ॲप स्वतःला एचटीटीपी समजून तसाच पत्ता बनवून पाठवत असेल. एरर पानाच्या पत्त्यातला रिडायरेक्टचा भाग उलगडून बघा, सुरुवातीला एक 'एस' कमी दिसेल. प्रॉक्सीने मूळ प्रोटोकॉलचा हेडर पाठवायला हवा आणि ॲपने तो मानायला हवा. मात्र तो हेडर फक्त प्रॉक्सीकडूनच माना, कुणाही ऐऱ्यागैऱ्याकडून नको.

तो नसेल तर शेवटचा स्लॅश. तिसरं कारण मी अजून पाहिलेलं नाही.

कोरी_पाटी
एस होता! म्हणजे नव्हता. धन्यवाद!!

निवांत
एक बाळबोध शंका. लॉगआउट दाबल्यावर नेमकं कुठून बाहेर पडायचं? ॲपमधून की सगळीकडून?

टोकनकर
ही बाळबोध नाही, यावर मोठमोठे भांडतात. माझं मत: ॲपमधून बाहेर काढा आणि 'बाकी ठिकाणी तुम्ही अजून आत आहात' असं पानावर लिहा. सगळीकडून काढायचं तर बॅकचॅनल लॉगआउट आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये पक्कं झालेलं, त्यात सर्व्हर सर्व्हरला सांगतो. पण तुमचा प्लॅटफॉर्म ते करतो का ते आधी बघा. ब्राउझरमधल्या अदृश्य चौकटींतून लॉगआउट पोचवायची जुनी पद्धत तिसऱ्या साइटच्या कुकी अडल्या की गपचूप निकामी होते. एरर पण येत नाही.

रात्रपाळी
शेवटच्या दोन सूचना, मग मी गप्प.

एक: एसएसओ बंद पडलं तर आत शिरायचा एखादा मार्ग ठेवा. एखादं दुसरं आणीबाणीचं स्थानिक खातं, लांबलचक पासवर्ड, पाकिटात बंद, आणि वापरलं की चार जणांना लगेच कळेल असा अलार्म. हे एंट्रालाही लागू आहे. तिथेही अशी दोन खाती ठेवावीत अशी मायक्रोसॉफ्टचीच शिफारस आहे.

दोन: जुना पासवर्ड बंद करण्याआधी महिनाभर लॉग बघा की अजून कोण त्याने आत येतंय. माणसं असतील ती ओरडतील, त्यांची काळजी नाही. जी ओरडत नाहीत त्यांची यादी करा.

खोडरबर
पाकीट कुणाकडे आहे हेही कुठेतरी लिहून ठेवा. एका ठिकाणी ते पाकीट ज्या कपाटात होतं, त्याचं कुलूप एसएसओच्या कार्डाने उघडायचं.

उंटावरचा_शहाणा
खोडरबर, मी विनोद करणं सोडतो. तुमच्या अनुभवांपुढे टिकाव लागत नाही.

कोरी_पाटी
(सहा आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, हिशेब द्यायचा राहिला होता.

ओआयडीसी घेतलं. लॉगिनचा कोड खरोखर अडीच दिवसांत झाला, त्यामुळे मॅनेजर खूश, 'बघ, मी म्हटलं नव्हतं का?' उरलेला सगळा वेळ यादीत गेला. कर्मचारी क्रमांकावरून ६३१ खाती जुळली. आणखी ९० ईमेल आणि विभाग बघून, एकेकाला विचारून जुळवली. 'भांडार१' चे तीन वेगळे केले, त्यांना एंट्रात खातीच नव्हती, ती मागवण्यातच आठवडा गेला. ५३ खाती गेलेल्या माणसांची निघाली, ती बंद केली, ओळी ठेवल्या (खोडरबर, नमस्कार). रकमेच्या मर्यादा ॲपमध्येच ठेवल्यात. स्किम पुढच्या टप्प्यात, तोवर एचआरची यादी रोज सकाळी ताडून बघणारी एक छोटी जॉब लिहिलीय.

उरली ३७. ही कुणाची ते कुणालाच सांगता येईना. रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे महिनाभराचे लॉग काढले. ३६ जणांची हालचाल शून्य. एक खातं मात्र रोज रात्री २ वाजून १० मिनिटांनी आत येत होतं. ते जिच्या नावावर, तिला कंपनी सोडून सहा वर्षं झालीत.

एका गुरुवारी ते बंद केलं आणि वाट बघत बसलो. शुक्रवारी काही नाही. पुढचा आठवडाही शांत. महिनाअखेरीला लेखा विभागाचा फोन: पुरवठादारांच्या फायलीत या महिन्याचा निम्मा भाग नाही, आणि अशी फाइल येते कुठून ते त्यांनाही माहीत नाही. शोधलं, तर एका जुन्या सर्व्हरवर स्क्रिप्ट होती. ती रोज रात्री त्या बाईंच्या युजरनेम-पासवर्डने लॉगिन करून पान डाउनलोड करायची. पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिलेला, आणि पहिल्या ओळीत त्यांनी टीप ठेवली होती: 'तात्पुरतं.'

आता तिला माणसाचं सोंग घ्यायला लावलेलं नाही. एंट्रात वेगळी नोंद, क्लायंट क्रेडेन्शियल्स (म्हणजे माणसाविना, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सीक्रेटने लॉगिन), आणि फक्त तेवढी फाइल वाचायचा अधिकार.

मुक्काम_पोस्ट
अभिनंदन! आणि कबुलीही देतो: विचारून बघितलं. आमच्याकडे पत्ते परत वाटतात. गेल्या वर्षी दोन. क्वेरी लिहायला बसलोय.

रात्रपाळी
मस्त काम. एकच विचारतो: त्या क्लायंट सीक्रेटची मुदत कधी संपते? पोर्टलवरून २४ महिन्यांहून जास्त देता येत नाही. आणि सूचना कुणाच्या मेलवर जाणार?

कोरी_पाटी
...माझ्या. थांबा, बदलते.